तळातून आलेलं उत्तर

२ ऑक्टोबर १९७४
आलो एकदाचा! स्कॉटलंडच्या या टोकाला वारा माणसाला उभं राहू देत नाही, पण आमचं पाणबुड्या हुडकणारं विमान बघत बसावं असं देखणं! लाटांना पोट घासेल इतकं खाली येऊन आम्ही ऐकण्याच्या नळ्या टाकतो. त्या तरंगत राहतात आणि पाण्याखालचं सगळं माझ्या कानांत आणतात. सार्जंट गनचा कायदा असा की नव्या भिडूने आधी सगळ्यांचा रस्सा रांधायचा, मग पाणबुड्या. रांधला. करपला. दोन वाडगे चापून गन म्हणाला, उरलेला रशियनांवर टाकू. छातीवर एकदा बिल्ला लागू दे, थेट ॲबर्डीन! कॉलेज सोडलेल्याला पोरगी देणार नाही म्हणतो काय कॅट्रिओनाचा बाप!

९ ऑक्टोबर
आज खाली काहीतरी होतं. इंजिन नव्हे, जड, संथ सरकणं. ओरडून सांगितलं. गन म्हणाला, देवमासा आहे रे लेका, कॉलेजात तेवढंही शिकला नाहीस? सगळे खिदळले. देवमासा मला कळतो!

१३ ऑक्टोबर
पुन्हा तेच. पुन्हा म्हणे देवमासा. प्रेमात कान गेले म्हणे माझे. आपण नुसतं ऐकायचं, हुकमाशिवाय पाण्यात आवाज सोडायचा नाही. सोडला की खालच्याला कळतं, वर कोणी आहे. पण डोकं फिरलं. आवाज सोडणाऱ्या नळीची कळ दाबलीच. टण्ण. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. म्हणजे लांब, पण आहे! गनने हेडफोन हिसकावला, आईबापांचा उद्धार केला. त्याला काही ऐकू आलं नाही म्हणे.

१६ ऑक्टोबर
जेवणघरात, जमिनीवर, भर दुपारी— टण्ण. मग उत्तर. पहिल्यापेक्षा लवकर. लवकर म्हणजे जवळ, हे या गाढवांना मी शिकवू? गन म्हणाला, डॉक्टरला कान दाखव.

१९ ऑक्टोबर
कॅट्रिओनाला फोन केला. बोलता बोलता थांबली. विचारलं, तुझ्याकडे घंटा कसली वाजतेय? ऐकलं तिने! नाचावंसं वाटलं. मग म्हणाली, दुसरी मात्र माझ्या न्हाणीघरात वाजली.
माझ्याकडून हाक. तिच्याकडून उत्तर—

२० ऑक्टोबर
ती फोन उचलत नाही. रजा मागितली. गन म्हणाला, गेलास तर बिल्ला विसर. गेला खड्ड्यात बिल्ला—
गाडीत आहे. उत्तर लवकर, आणखी लवकर—

संध्याकाळ
तिच्या दारात. पायरीवर खारं पाणी. आतून म्हणतेय, ये ना, उघडंच आहे. आवाज तिचाच. तिचाच ना?
टण्ण— मधे वेळच नाही उर