ओठ मिटून घ्यायचं नाव

नांदेड

सुकन्याच्या बाबांना नमस्कार.

आल्यापासून फोनवर माझा भाऊच बोलून राहिलाय, म्हणून तुम्ही जिवाला घोर लावून घेतला असेल. मी बरी हाय. डावीकडचं तोंड अजून वाकडं हाय, एवढंच.

आत्याबाईंना सांगा, अंगावरून वारं गेलेलं न्हाई. कानामागून चेहऱ्याची नस निघते, ती सुजलीय. डावं कपाळही हलत न्हाई, म्हणूनच हे मेंदूचं न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी बहुतेकांचं सुधारतं. बहुतेकांचं, असं म्हणाले.

डोळा मिटत न्हाई, म्हणून पट्टी लावून झोपते. म्हशीची धार कोण काढून राहिलंय?

दवाखान्यातली मॅडम आरशापुढं व्यायाम करून घेते. ओठ मिटावे लागतील असं एखादं नाव रोज घ्या म्हणाली. मला तुमचंच आठवलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते कधी तोंडातून काढलं न्हाई. आता रोज घेते, पण ‘बापूराव’ म्हणताना डावीकडून हवाच निसटते. वहिनी हसते. मीही अर्धी हसते.

नीट निघालं की मीच फोन करीन. आत्याबाई जवळ बसल्या असल्या तरी ओ द्या.

तुमच्या आवाजाची वाट बघणारी,
सुकन्याची आई