दोन आकड्यांचा रकाना

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. आज कामावर एक उत्तर आलं आणि ते आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

माझं सध्याचं काम म्हणजे नुसतं वाचन. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या जुन्या दस्तऐवजांत आहेत, ते मी ओळ न् ओळ वाचते. ते लिहिले गेले तेव्हा प्रत्येक यंत्राचा पत्ता चार लहान संख्यांत मावायचा. आता यंत्रं इतकी झाली की ते पत्ते पुरेनात, म्हणून लांब पत्त्यांची नवी पद्धत येतेय. ती येण्याआधी ‘पत्ता म्हणजे चारच संख्या’ असं कुठल्या नियमात गृहीत धरलंय ते शोधायचं. कुठं ते सरळ लिहिलेलं असतं, कुठं एखाद्या तक्त्यात नुसतंच दडलेलं.

वाचता वाचता शहराच्या कडेला मुकुंदवाडीतली तुमची दोन खोल्यांची कॉम्प्युटरच्या कामांची जागा दिसायला लागते. दुष्काळाचं वर्ष आहे. टँकरच्या पाण्यासाठी आलेल्या अर्जांवरून याद्या करायचं काम तुम्ही घेतलंय, आणि पाचोडकडच्या गावातून आलेल्या, मेंढरांमागं वाढलेल्या मला त्याचा प्रोग्राम लिहायला बसवलंय. वॉर्ड नंबरसाठी मी दोन आकड्यांची जागा ठेवली. यादी कचेरीत गेली, टँकर सुरू झाले, आणि चौथ्या दिवशी दुपारी एक बाई रेशनकार्ड घेऊन दारात उभी राहिली.

“यादीत नाव नाय म्हणं माझं,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीत कुणाचंच नाय. आन् आम्ही तर तिथंच ऱ्हातोय.”

तुम्ही तिला खुर्ची दिलीत आणि अर्जांचा गठ्ठा सोडलात. तिची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर नुकतीच उभी राहिलेली. वॉर्डच नव्हता, म्हणून लोकांनी जमिनीचा तीन आकडी गट नंबर लिहिला होता. माझ्या प्रोग्रामनं ते सगळे अर्ज वगळले होते.

“मशीन घेत नाय, सर,” मी म्हणाले.

“मशीनला दोन आकडे कुणी सांगितले?”

“मी. सगळे वॉर्ड दोन आकडीच होते.”

“होते, बेटा. पण शहर काय तेवढ्यावर थांबणार हाय?”

तुम्ही आवाज चढवला नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. प्रोग्राम नंतर बघू, आधी हातानं लिही, असं म्हणून तुम्ही समोर बसलात. तुम्ही नाव वाचायचं, मी लिहायचं. ती यादी तुम्ही स्वतः स्कूटरवर नेऊन दिलीत आणि दुसऱ्या दिवशी मला टँकरबरोबर पाठवलंत. ड्रम भरून झाल्यावर त्याच बाईनं मला घरात बोलावलं आणि त्याच पाण्याचा चहा दिला. मी कप खाली ठेवला. “घे की,” ती म्हणाली, “आता हाय पाणी.”

गेल्या आठवड्यात एका दस्तऐवजावर आमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसानं ‘अडचण नाही’ असा शेरा आधीच मारला होता. तरी मी तो दस्तऐवज वाचला. अगदी शेवटच्या तक्त्यात पत्त्याला चारच घरं होती. नव्या पत्त्याचं यंत्र तिथं नोंदलंच गेलं नसतं. मी त्यांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी पान उघडलं, तो तक्ता पाहिला, मग म्हणाले, “सुटलं माझ्या नजरेतून,” आणि शेरा बदलला. मग मी मूळ लेखकाला लिहिलं. तो आता निवृत्त झालाय. आज त्याचं उत्तर आलं: तेव्हा तेवढं पुरेल असं वाटलं होतं, दुरुस्तीत मी मदत करतो.

तेव्हापासून मन हलकं आहे. अजून पुष्कळ दस्तऐवज उरलेत, पण होईल, सर. ती वस्तीही आता शहरात आलीय, वॉर्ड नंबर लागलाय, दाराशी नळ आहेत.

हे वहीतच राहणार आहे, तर एक लिहून टाकते. ते अर्ज वगळले जाताना मी पाहिलं होतं. दर वेळी स्क्रीनवर सूचना येत होती. गावाकडची एसटी चुकेल म्हणून मी गठ्ठा टेबलाखाली सरकवला आणि निघाले. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही.