करावाँग आणि माझी शिट्टी

२ ऑक्टोबर
ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर नवे दिवे लागले. कल्पना माझी. अख्ख्या कॅनबेरात एवढी झगझगीत बिल्डिंग नाही. आमची बॉस हेस्टर खूश. एरिया मॅनेजरची जागा रिकामी आहे. मी विषय काढला नाही, फक्त तिच्यासमोर जरा ताठ उभा राहिलो.

५ ऑक्टोबर
भिंतभर बोगाँग पतंग, बोटाच्या पेराएवढे तपकिरी किडे. लिफ्टमध्ये, फायलींत, एक हेस्टरच्या कॉफीत. दर ऑक्टोबरात, इथल्या वसंतात, ते शहरावरून डोंगराकडे जातातच. दिव्यांचा काय संबंध? बायको, बेव्ह, म्हणाली, रात्री दिवे बंद ठेव. तिला टेक्निकल गोष्टी कशा समजवायच्या?

८ ऑक्टोबर, सकाळ
पार्किंगमध्ये सहज शिट्टी वाजवली आणि काळे करावाँग पक्षी भिंतीवरचे पतंग मटामट खाऊ लागले. तसे आधीपासून खात होते. पण शिट्टीनंतर मन लावून.

१२ ऑक्टोबर
ताप. घरीच. शिट्टी नाही. असिस्टंट ड्युगलचा फोन: पक्षी आले, पोटभर खाऊन गेले. बघा, किती शिस्त लावलीय मी.

१५ ऑक्टोबर
हेस्टरला सांगून टाकलं, पतंगांचा बंदोबस्त झालाय, पक्षी माझ्या इशाऱ्यावर चालतात. शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवतो. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. संकल्प: शुक्रवारपर्यंत चीज बंद. शिट्टीला दम लागतो.

१६ ऑक्टोबर
चीज खाल्लं. थोडंच.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
सगळा स्टाफ पार्किंगमध्ये. भिंत लख्ख. पतंग नाही, पक्षी नाही. शिट्टी वाजवली. मग जोरात वाजवली. अकाउंट्समधल्या कुणाचं तरी कुत्रं धावत आलं आणि माझ्यासमोर बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ड्युगल हळूच म्हणाला, "काल रात्री मी दिवे बंद केले होते, मर्व्ह. म्हटलं, आज तरी तुला पतंगांचा त्रास नको."

हेस्टरने स्वच्छ भिंतीकडे बघितलं. मग ड्युगलला म्हणाली, "हे आधी का नाही केलंस?"

"दिवे मर्व्हचे. त्याला वाईट वाटलं असतं."

२३ ऑक्टोबर
एरिया मॅनेजर ड्युगल झाला. माझ्याकडे नवी जबाबदारी: रोज संध्याकाळी दिवे बंद करायचे. असं काम कुणाच्याही हाती देत नाहीत. घरी येऊन बेव्हला सगळं सांगितलं. ती पाठमोरी बटाटे सोलत होती, नुसते खांदे हलत होते. फार मनाला लावून घेते बिचारी.