मधली जागा रिकामी ठेवावी

लीड्स, गुरुवार, २३ मार्च १९९५

मी, श्रीमती मधुमती केशव नलावडे, वय पंचाहत्तरच्या पुढे (किती पुढे ते कोणी लिहून ठेवलं नाही), मूळची वाई तालुक्यातली, सध्या राहणार लीड्स, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, डोकं जागेवर असताना आणि चहा पोटात गेल्यावर करून ठेवते. कोणी माझ्या मानेवर बसून करून घेतलेलं नाही. माझ्या मानेवर बसेल असा माणूस वारून आठ वर्षं झाली, आणि तोही कधी बसला नाही.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि श्रीनिवास देव लिहितात. ते रिटायर्ड मास्तर आहेत, आमच्या महाराष्ट्र मंडळातले. त्यांना मधे मधे 'सदरहू' घालायची हौस आहे. घालू द्या, कागद भारदस्त दिसतो. मात्र मी बोलले ते गाळायचं नाही, ही अट मी आधीच घातली आहे. ते मान हलवतायत. तेही लिहा, श्रीनिवासराव.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. हॉस्पिटलवाले म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझा थोरला मुलगा मोहन डॉक्टर आहे. तोही तेच म्हणतो, पण म्हणताना खिडकीबाहेर बघतो. म्हणून हा कागद.

कलम १. माझा पाटा-वरवंटा मोठी सून सुमन हिला द्यावा. विमानात हातातल्या पिशवीतून आणलेला आहे. हिथ्रोवरच्या माणसानं तो उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारलं, ही देवाची मूर्ती आहे का. मी हो म्हटलं. सुमनकडे मिक्सर आहे, ती दाराला टेकण म्हणून लावेल. माझी हरकत नाही. दार तरी उघडं राहील.

कलम २. हातातल्या पाटल्या नाती मंजिरी आणि वीणा यांना, एकेकीला एक. मंजिरी मोहनची, वीणा माझा धाकटा रवी याची. जोड मोडू नये म्हणतात. मोडावी. जिला दोन्ही घालायच्या असतील, तिनं दुसरीच्या घरी जाऊन मागून आणाव्यात.

कलम ३. मंडळातल्या आशाताई कुलकर्णी यांच्याकडे असलेलं पुरणयंत्र माझं आहे. त्या आपलं म्हणतात. त्याच्या दांड्यापाशी पोचा आहे, तो माझ्या हातून पडून आला आहे, आणि तो कुठे पडला ते त्यांना सांगता येणार नाही. सदरहू यंत्र मी त्यांनाच देऊन टाकते. म्हणजे ते माझं होतं हे कागदावर येईल.

कलम ४. माझे अंत्यविधी. हे नीट लिहा.

माझे यजमान जानेवारी सत्याऐंशीत गेले. त्या आठवड्यात बर्फानं सगळा देश झाकून टाकला होता. रवी तेव्हा कार्डिफला नोकरीला होता. निरोप मिळाल्याबरोबर तो गाडी घेऊन निघाला आणि मोटारवेवर अडकला. इकडे क्रेमटोरियममध्ये कोणाचा तरी स्लॉट रद्द झाला, तो त्यांनी मोहनला देऊ केला. नाही म्हटलं तर पुढचा पंधरवड्यानंतर. मोहननं हो म्हटलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी उचलतात, घरच्यांची वाट बघायची तर तासभर बघतात. पंधरा दिवस बापाला फ्रिजमध्ये ठेवायचं मोहनच्या जिवावर आलं. रवीला वाटलं, आपण पोचेपर्यंत भाऊ थांबेलच.

लोकांचे चहाचे कप आम्ही धुवायला घेतले होते, तेव्हा रवी दारात आला. बुटांना बर्फ. त्यानं विचारलं, "झालं?"

मोहन म्हणाला, "झालं."

त्यानंतर माझी ही दोन मुलं एकमेकांशी बोललेली नाहीत. पुढे रवीनं इथल्या बस डेपोत इंजिनियरची नोकरी धरली, माझ्याजवळ राहायला मिळावं म्हणून. आता एक माझ्या घराच्या एका अंगाला राहतो, दुसरा दुसऱ्या. चूक कोणाची, असं मला दोघांनी विचारलं आहे. मी दोघांना सांगितलं, बर्फाची. कोणालाच पटलं नाही.

तर माझा स्लॉट दोघांनी मिळून घ्यावा. एकाच फोनला दोघांनी कान लावावेत. कोणी वाटेत अडकलं तर थांबावं, लागेल तितकं थांबावं. मला कुठे गाडी पकडायची आहे?

कलम ५. बास्केटबॉल.

श्रीनिवासराव म्हणतात, मृत्युपत्रात खेळ कशाला. कारण माझ्याकडे वाटण्यासारखं जे आहे, त्यात सगळ्यात मोलाचं म्हणजे कॉलेजच्या हॉलमधली माझी जागा, दुसऱ्या ओळीत, हीटरच्या बाजूला.

मंजिरी आणि वीणा एकाच कॉलेजात आहेत, एकाच टीममध्ये. पहिल्यांदा मी नुसती ऊब घ्यायला गेले. मग बघायला लागले. पोरी चेंडू घेऊन पळतात, आणि जिच्याकडे चेंडू असतो तिला पळताना तो आपटत न्यावा लागतो. हा नियम ज्यानं काढला त्याला मी मनातून मानते. पाण्यानं भरलेली घागर घेऊन धावायला सांगितल्यासारखं आहे ते.

टीमला मराठी मीच शिकवलं. मंजिरी म्हणाली, "आजी, समोरच्या टीमला कळायला नको असा सिक्रेट कोड पाहिजे." मग सगळ्या पोरी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, थालीपीठ खाल्लं आणि शिकल्या: सोड म्हणजे चेंडू मैत्रिणीला दे. धर म्हणजे देऊ नको. वळ. मागे ये. ट्रेसी नावाची लाल केसांची उंच मुलगी आहे, ती "मागे ये" असं ओरडते की वाईच्या घाटावरचा माणूससुद्धा मागे येईल. नाताळापर्यंत आमची टीम जिंकतच होती. अक्षरशत्रू बाईच्या भाषेवर यॉर्कशायर जिंकायला निघालं होतं.

आणि फेब्रुवारीपासून हरायला लागल्या. दर शनिवारी. त्याच पोरी, तोच हॉल, तोच चेंडू. चेंडू हातात असताना मधेच सोडून देतात. सोडायचा तेव्हा कवटाळून बसतात. का? मला हे कळत नाही, आणि कळल्याशिवाय मंगळवारी भूल घ्यायला मन तयार नाही.

कारणं पुष्कळ ऐकली. टीम जिंकायला लागल्यावर, जानेवारी सरता सरता मोहन यायला लागला. मोहन येतो म्हटल्यावर रवी यायला लागला. मी मधे, मोहन डावीकडे, रवी उजवीकडे.

मोहन म्हणतो, "पोरींमध्ये आयर्न कमी आहे. सीझनच्या शेवटी दम टिकत नाही."

रवी म्हणतो, "आई, त्याला सांग, हा दवाखाना नाहीये. सुरुवातीलाच टॉप गिअर टाकतात, मग शेवटी इंजिन बसतं."

"आई, त्याला सांग, पोरी म्हणजे बस नव्हेत."

"बसला निदान ब्रेक असतात म्हणावं. काही लोकांना तेवढेही नसतात."

मग तिकडे चेंडू आला की दोघं एकदम उभे राहतात आणि गर्जना करतात, आणि बसले की परत "आई, त्याला सांग". मला खेळ बघायला मिळतो तो या दोघांच्या कोपरांमधून. शेजारची डोरीन हॅटन म्हणते, पंच विकले गेलेत. श्रीनिवासराव म्हणतात, परीक्षा जवळ आल्या, लक्ष नाही. मला वाटलं, दृष्ट लागली. मी कॉलेजच्या कपडे बदलायच्या खोलीत मीठ-मिरच्या ओवाळून जाळायला घेतल्या, तर धुरानं आगीचा भोंगा वाजला आणि अख्खं कॉलेज पटांगणात जाऊन उभं राहिलं. त्या शनिवारीही हरल्या.

परवा शेवटची मॅच आहे. मला थंडीत बाहेर पडायची बंदी.

कलम ६. घर. माझं राहतं घर मोहन आणि रवी यांना समसमान. पण अट अशी: किल्ली मिळण्याआधी दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून टीम का हरली याचं एकच, दोघांना मान्य असलेलं कारण माझ्या फोटोला सांगावं. एकमत होईपर्यंत घर बंद.

श्रीनिवासराव विचारतायत, वकील हे मान्य करेल का. नसेल करत तर वकिलानं कारण शोधून द्यावं.

आज इथे थांबू. दम लागला.

रविवार, २६ मार्च

पुन्हा लिहायला बसलो. आज इथे मदर्स डे असतो, त्यामुळे टेबलावर फुलांचे दोन गुच्छ आहेत. दोन्ही एकाच दुकानातले, आणि मला वाटतं, एकाच वेळी घेतलेले. विचारलं नाही. विचारलं की पोरं लाजतात.

टीम काल जिंकली.

काय झालं ते श्रीनिवासरावांनी डोळ्यांनी बघितलं आहे, ते आपल्या हातानंच लिहितायत, म्हणजे खोटं लिहायची सोय नाही. मोहन नेहमीच्या जागी बसला. रवी नेहमीच्या जागी बसला. मधे माझी उशी होती, डोरीननं सवयीनं नेऊन ठेवलेली. खेळ सुरू झाला. बराच वेळ दोघं चिडीचूप. मग मंजिरीकडून चेंडू निसटला आणि मोहन उशीकडे वळून म्हणाला, "आई, त्याला सांग..." आणि थांबला.

रवी समोरच बघत होता. तो म्हणाला, "सांग. ऐकतोय."

मोहन म्हणाला, "वीणा मोकळी होती, असं म्हणत होतो."

"दिसलं मला."

"तुझी पोरगी चांगली पळते."

"बाबांसारखी. बाबा नाही का बस पकडायला पळायचे?"

मग काय बोलले? मला माहीत नाही! कारण श्रीनिवासराव सभ्य माणूस, ते उठून मागच्या ओळीत जाऊन बसले. आठ वर्षं या घरातलं प्रत्येक भांडण कान टवकारून ऐकलं, आणि नेमके काल सरकले! एवढंच त्यांना दिसलं, की दोघांची डोकी उशीवर वाकली होती, मोहननं एकदा चष्मा काढून पुसला, आणि टीमनं एकामागून एक बास्केट टाकलेले दोघांनीही बघितले नाहीत. रवीनं बर्फाचं काही काढलं असावं. हातानं स्टिअरिंग धरल्यासारखं करत होता म्हणे.

संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले, एकाच गाडीतून. मोहन म्हणाला, "आई, बघितलंस? मी पोरींना आयर्नच्या गोळ्या दिल्या होत्या."

रवी म्हणाला, "अरे, गोळ्या कसल्या! शेवटपर्यंत दम राखून खेळल्या, मी सांगितलं तशा."

"तू कधी सांगितलंस?"

"तुला नाही, वीणाला सांगितलं."

"मला सांगायचं ना मग!"

मी पदर तोंडाला लावून खोकत बसले. खोकला नव्हता.

आज सकाळी नाती आल्या, कार्ड घेऊन. मी विचारलं, खरं सांगा, काय बदललं? वीणा म्हणाली, "आजी, डॅड आणि काका काल शाउट केलाच नाही!" मंजिरी म्हणाली, "आमची कोड वर्ड्स आहे ना, सोड आणि धर? बाबा तिकडून ओरडतात, सोड सोड. काका ओरडतात, धर, सोडू नको. ट्रेसीला काय कळणार कोण ओरडलं? तिला वाटतं मीच सांगितली. ती सोडते. आमची पण हात आपोआप सोडते."

"मग आधी का नाही सांगितलंत गं?"

"एकाला सांगितलं की तो म्हणणार, दुसऱ्यानं सांगायला लावला."

तेही खरंच. इतके दिवस टीम का हरते यावर डोकं फोडणारे दोघं, आणि हरवणारेही तेच.

म्हणून, कलम ७. कलम ६ मधली अट मी रद्द करते. घर समसमान, विनाअट. एकमत मागणं हा माझा वेडेपणा होता. एकमत झालं की दोघं आपापल्या घरी जातील. वाद राहिला तर येत राहतील.

कलम ८. वरचं कारण मला, नातींना आणि श्रीनिवासरावांना ठाऊक आहे. मी जिवंत असेपर्यंत ते मुलांना सांगायचं नाही. सांगेल तिची पाटली गेली. मंगळवारी मी शुद्धीवर आले, तर पुढच्या सीझनला त्या दोघांच्या मागच्या ओळीत बसणार आहे, आणि मी काही सभ्य नाही, मी सरकणार नाही. ते काल काय बोलले, ते मला ऐकायचं आहे.

आणि शुद्धीवर आले नाही, तर मोहन आणि रवी, तुम्ही हे आत्ता ऐकताय. आता कळलं ना? एकमेकांकडे बघा. आधी कोण ओरडलं, यावर खुशाल भांडा. माझी उशी तुमच्यामध्ये ठेवा. तिच्यावर कोणाला बसू देऊ नका, आणि तिच्याकडून निरोप पाठवू नका.

हे सगळं श्रीनिवासरावांनी मला परत वाचून दाखवलं. सदरहू पाच ठिकाणी घातलं होतं, चार ठिकाणचं मी काढायला लावलं. बाकी सगळं मी म्हणाले तसं आहे.

श्रीमती मधुमती केशव नलावडे
डाव्या हाताचा अंगठा
(शाई दुसऱ्यांदा लावली, पहिला ठसा हसू आल्यानं फिसकटला.)

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, एकाच टेबलाशी अंगठा उठवला. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, याची बाईंनी दोनदा आठवण करून दिली.

साक्षीदार:
१. श्रीनिवास पद्माकर देव, लीड्स
२. डोरीन हॅटन, शेजारीण, लीड्स (मजकूर इंग्रजीत समजावून सांगितला. पंच विकले गेले होते, हे आपलं मत कायम असल्याचं त्यांनी नोंदवायला सांगितलं.)

स्थळ: लीड्स
तारीख: २६ मार्च १९९५