सातव्या ओळीतला मका

१२ जून
आलो एकदाच्या मायलेकी! मका संशोधन केंद्रातलं क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण कोरडं, आणि खिडकीतून थेट शेत दिसतं. सहा वर्षांच्या छकुलीनं आल्या आल्या दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीची खूण करून घेतली. साहेब मोठे अगत्याचे. मुलाखतीत मात्र शिक्षणापेक्षा घरी कोण कोण, हेच जास्त विचारलं त्यांनी.

२० जुलै
माझ्याकडे पांढऱ्या दाण्याची सातवी ओळ. अकरा पिढ्या नुसतं स्वपरागण: झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसाला. वर कागदी पिशव्या, बाहेरचा कण शिरता कामा नये. अशानं वाण खंगत जातो. झाडं बुटकी, कणसं बोटाएवढी, फुलोरा उशिरा. वहीत उंची दरसाल उतरलेली, एका वर्षी तेवढी चढली आहे. आणि यंदा. पाचव्या आठवड्यातच झाडं माझ्या डोक्यावर गेली. साहेब म्हणाले, जमीन मानवली असेल.

९ ऑगस्ट
छकुलीचा फ्रॉक घोट्यापर्यंत येतोय. चौकटीशी उभं केलं. खुणेच्या खाली चार बोटं. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, मोजताना चुकलं असेल.
मोजणं हेच तर माझं काम.

१४ ऑगस्ट
ओळ जितकी चढते तितकी छकुली उतरते. कोयता घेऊन ओळीत शिरले. पहिलं झाड तोडलं आणि घरात छकुली कोसळली. लागलेलं काही नाही, पण पाय उचलेना. राखणदार मावशीनं माझ्या हातातून कोयता काढून घेतला. "तोडू नकोस गं. आधीच्या बाईंनीही तोडलं होतं. त्यांची आई होती सोबत." कोयता घेऊन ती तडक निघून गेली.
साहेबांना जाब विचारला. चष्मा पुसत म्हणाले, "वाण जगवायचा तर कुणीतरी झिजायला लागतंच."

१६ ऑगस्ट
छकुलीला फाटकाबाहेर नेलं की निपचित पडते. आत आणलं की डोळे उघडते. मग राहिलं काय? पिशव्या काढल्या. शेजारच्या जांभळ्या मक्याचा पराग कणसांच्या कोवळ्या केसांवर टाकला. बाहेरचा जोम येऊ दे.

२ सप्टेंबर
उभी राहिली. चालली. पोटभर जेवली. मी रडले.

८ सप्टेंबर
खुणेच्या वीतभर वर — इतक्यात?
मला "बाई" म्हणते. डोळे बापावर गेले होते तिचे. आता हे कुणाचे —

१९ सप्टेंबर
कणीस सोललं. पांढऱ्यात जांभळे दाणे, निम्मेअधिक —
तिचा दुधाचा दात पडलाय. नवा येतोय म्हणून हसत समोर आली. मी बोटानं तिचा ओठ वर केला, तर हिरडीत जांभळा —