दहा वर्षांतली उरलेली तीन

प्रिय दादा,

तुला जाऊन तीन वर्षं झाली, आणि इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. राग होता, खोटं कशाला सांगू? पण आज राहवेना. आपल्या शाळेतली सलू मास्तरणीची परीक्षा पास झाली!

ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरवाल्यांच्या पाड्यात आपण मिशनची शाळा मांडली, ते दिवस आठवतात? मिठाचा हंगाम सुरू झाला की वर्ग ओस पडायचा. पोरं आईबापांबरोबर आगरात. मी रडकुंडीला यायचे. तू मात्र शांतपणे मोठा कागद पसरलास आणि दहा वर्षांचा बेत लिहिलास. भर अभ्यास पावसाळ्यात, आगरं बंद असताना. हंगामात फक्त सकाळचे दोन तास. आणि शेवटच्या ओळीत : दहाव्या वर्षी याच पाड्यातली मास्तरीण.

“आज वर्गात चार पोरं आहेत, आणि तू दहा वर्षांचं काय लिहितोस?” मी हसले होते. तू नाही हसलास.

मग सातव्या वर्षी कल्याणला स्टेशनजवळ मिशनची नवी, पक्की शाळा उभी राहिली. तिची हेडमास्तरकी तुला देऊ केली आणि तू नको म्हणालास. आणि हे मला पाद्रीसाहेबांकडून कळावं? सख्ख्या बहिणीला विचारायचंही नाही? चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी तूच म्हणालास, “मार्था, कल्याणला आठवड्यात दुसरा मास्तर मिळेल. इथे कोण येईल?”

“आणि आपण मेल्यावर कोण येणार आहे?”

“म्हणून तर दहा वर्षं म्हणतो.”

त्याच पावसाळ्यात तापाने तुला नेलं. रागाच्या भरात काय बोलून गेले मी! ‘आपण मेल्यावर’ म्हणाले होते, दादा.

तुझ्यामागे पाद्रीसाहेब म्हणाले, मास्तर नाही तर शाळा बंद. तुम्ही कल्याणला या. तुला खरं सांगू? मला हायसं वाटलं. सामान बांधलंसुद्धा.

तेवढ्यात सलूची आई, बायजा, दारात आली. मिठाने फुटलेले हात कमरेवर ठेवून उभी राहिली. सलू तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तिच्या वयाच्या पोरी केव्हाच सासरी गेलेल्या, आणि बायजाला भावकी रोज टोचून खात होती, हे मला ठाऊक होतं.

“मास्तरांनी पोरीची धा वर्सं मांगली व्हती, बाय,” ती म्हणाली. “सात दिली. आता तीन कोनाला देऊ?”

मला तोंड वर करवेना. तुझा बेत माझ्याआधी तिला कळला होता!

दुसऱ्या दिवशी मी पाद्रीसाहेबांसमोर तुझा कागद ठेवला आणि तीन वर्षं मागितली. ते बराच वेळ वाचत बसले. म्हणाले, “तीनच. चौथं नाही.”

ती तीन वर्षं मी एकटीने काढली. अंकगणितात सलू दोनदा रडली, एकदा मीही. पण झालं!

आणि आता ऐक. तिचं लग्न ठरलंय. डोंबिवलीकडच्या गावात. बायजाने सासरच्यांना अट घातली : पोरगी तिथे शिकवील, कबूल असेल तरच कुंकू लावा. ते कबूल झाले. त्यांच्या ओटीवर शाळा भरायची आहे.

म्हणजे आपल्या पाड्यात पुन्हा मी एकटीच. एवढा दूरचा विचार करणारा तू, पोरीचं लग्न होईल हे तुझ्या ध्यानात आलं नाही? भोळा रे तू! पण जिथे शाळेचं कुणी नावही काढलं नव्हतं, तिथे आता तुझी एक मास्तरीण निघाली आहे. तुझ्यावर रागवायचं तरी कसं?

पाद्रीसाहेबांनी आज विचारलं, आता तरी कल्याणला येणार का? मी नाही म्हणाले. सलूचा निकाल पाहून त्यांनी चौथ्या वर्षालाही होकार दिला.

दादा, मी नवा कागद घेतला आहे. पुन्हा दहा वर्षं. या खेपेला एकीच्या भरवशावर नाही. तीन पोरींच्या आयांशी बोलून आले आहे. हा बेत संपेल तेव्हा मी पन्नाशीची असेन. तोवर पाड्यातली शाळा एक दिवसही बंद पडू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
मार्था