हुरड्याला लागलेल्या धुराबाबत

आप्पा,

धाकट्याने परवा सोलापूरच्या दुकानात तुमच्याविषयी जे सांगितले, ते खोटे आहे. आक्काला पाहायला आलेल्या पाहुण्यांचा हुरडा तुम्ही धुरकट केलात, म्हणून सोयरीक मोडली आणि त्याच वर्षी तुम्ही खचून वारलात, असे तो एका अनोळखी दुकानदाराला हसत हसत सांगत होता. ते पाहुणे आले तेव्हा तो आईच्या कडेवर होता. मी मात्र आगटीपाशी होतो.

दुकानात जाण्याचे कारण असे. धाकट्याचा मुलगा आता तामलवाडीच्या आपल्या शेतात हिवाळ्यात हुरड्यासाठी पाहुणे बोलावतो. त्याने रस्त्यावर लावलेल्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ मीच सुधारून दिले. यंदा त्याला मका, वांगी, पनीरही भाजून द्यायचे आहे. त्यासाठी कोळशाची शेगडी आणि स्मोकर अशा दोन वस्तू हव्यात. स्मोकर म्हणजे विजेवर चालणारी एक पेटी. लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या गोळ्या तिच्यात आपोआप पडतात, जळतात आणि पदार्थाला धुराचा वास लावतात. होय आप्पा, लोक आता धूर लागावा म्हणून पैसे मोजतात. तोच धूर कणसाला लागू नये म्हणून तुम्ही पहाटेपासून आगटीच्या खड्ड्याशी उकिडवे बसत होतात. गोवऱ्यांचा लाल विस्तव होऊन त्यावर राखेची साय धरेपर्यंत कणसाला हात लावू देत नव्हतात. सगळ्यांचे खाऊन होईपर्यंत स्वतः दाणा तोंडात टाकत नव्हतात.

ठरवलेल्या रकमेत दोनच मार्ग होते: एक जाड पत्र्याची शेगडी, नाहीतर पातळ पत्र्याची शेगडी आणि लहान स्मोकर. मी पातळ पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"काका, मडकं हाय का ते, वाजवून बघायला?" दुकानदार म्हणाला.

"मडके असते तर इतके वाईट वाजले नसते," मी म्हणालो. गोळ्या कुठे मिळतात, असे विचारले. पुण्याहून मागवाव्या लागतात. शेतात दिवसा वीज किती वेळ असते, असे पुतण्याला विचारले, तर तो जमिनीकडे पाहू लागला.

"तात्या, लोकांना धुराचीच चव पायजे आता. लई मागणी हाय," पुतण्या म्हणाला.

"चव धान्याची असते. धूर ही चूक असते."

इथे धाकटा मध्ये पडला. "दादा, चूक म्हणतोस तर आप्पांचीच आठव की. मशीन आच बरोबर धरतंय. आप्पांसारखा घोटाळा व्हायचा न्हाय." आणि मग ती कथा. पुतण्यानेही ती तोंडपाठ असल्यासारखी पुरी केली. तेव्हा मला कळले की ती घरात पिढीजात झाली आहे.

तो दिवस मला असा दिसतो. अजून उजाडलेले नाही. तुम्ही मला गोवऱ्या आणायला पाठवता. आत छपराखाली कोरड्या गोवऱ्या आहेत, पण तिथे अंधार आहे, म्हणून मी बाहेरच्या ढिगावरच्या, दवाने भिजलेल्या उचलतो. तुम्ही पाहुण्यांना घ्यायला एस.टी.च्या थांब्यावर जाता आणि आगटी माझ्यावर सोपवता. तुम्ही परत येता तेव्हा कणसे विस्तवात आहेत आणि पिवळा धूर निघतो आहे. नवऱ्या मुलाच्या मामांनी चोळलेला पहिला घास तुमच्या पायाशी थुंकला. "हुरडा हाय का चुलीची काजळी?" तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. "चूक माझी. आगटी म्याच पेटवली," म्हणालात. ते गेल्यावर एक गोवरी माझ्या हातात दिलीत. "कानापाशी धरून वाजव. कोरडी वाजती, वली मुकी ऱ्हाती." एवढाच तुमचा राग. स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाली, "आप्पा, त्या घरात मला देऊ नका."

दुकानात मी संतापलो, हे खरे. धाकट्याला भर गिऱ्हाइकांत सुनावले की ज्याला साल आणि महिना ठाऊक नाही, त्याने वडिलांचा इतिहास सांगू नये. त्याच्या कथेतला एकेक काळ दुरुस्त केला. तो वरमला. पुतण्याने मुकाट्याने जाड शेगडी घेतली. येताना जीपमध्ये धाकटा हळूच म्हणाला, "बरं दादा, दिवस चुकले माझे. पण हुरडा तर आप्पांनीच बिघडवला ना?"

मी त्याला साल आणि महिना पुन्हा एकदा सांगितला.

तेव्हा दुरुस्त्या इथे लिहून ठेवतो. पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. धाकट्याच्या हाती द्यावे, तर तेही अजून झालेले नाही.

पाहुणे आले तो रविवार संक्रांतीच्या आधीचा. धाकटा सांगतो तसा शिमग्यातला नव्हे; शिमग्यापर्यंत ज्वारीचा दाणा हुरड्याचा राहत नाही.

सोयरीक मोडली किंक्रांतीला. नकार त्यांचा नव्हता. आक्काच्या सांगण्यावरून तुम्ही तो दिलात.

तुम्ही वारलात ते त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, आषाढात, तापाने. तोवर आक्काला मुलगी झाली होती आणि तुम्ही तिला खांद्यावर घेऊन आगटीपाशी बसला होतात.

शेगडी घेतली परवा, मंगळवारी.

ओल्या गोवऱ्या मी आणल्या, त्याच रविवारी, उजाडण्यापूर्वी.

"हे मी धाकट्याला सांगितले" या ओळीपुढे लिहायला माझ्याकडे अजून कुठलाच दिवस नाही.